इंटरनेटचे जनरल रजिस्टर

मंडळी, ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना जनरल रजिस्टरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुख्याध्यापक बदलतात, इमारत बदलते, पण ते रजिस्टर कपाटातून हलत नाही. एका क्रमांकावर दोन मुले चालत नाहीत. इंटरनेटचेही असेच आहे. थेट जोडलेल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक हवा, आणि माणसाला क्रमांक पाठ होत नाहीत म्हणून नावही हवे. तर हे रजिस्टर कोणाच्या कपाटात असावे, यावरून जे रामायण घडले ते आज सांगतो.

१९७० च्या दशकात हे काम अगदी घरगुती होते. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई एक कार्यालय चालवत. सगळ्या यंत्रांची नावे एका फाईलमध्ये. नवे नाव घालायचे तर कचेरीच्या वेळात त्यांना फोन करायचा, आणि बाकीच्यांनी ती फाईल उतरवून घ्यायची. क्रमांकांचा हिशेब जॉन पोस्टेल या तरुणाकडे होता. लांब दाढी, पायात सँडल. हे काम कोणीतरी करायला हवे, मी करतो, असे १९७२ मध्ये त्याने आपणहून कळवले आणि मरेपर्यंत केले. (आपल्याकडे अशा माणसाला आयुष्यभर सगळे तेच काम देतात. तिकडेही तसेच दिसते!)

यंत्रे वाढली तशी एक फाईल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस याने नवी रचना मांडली. पोस्टाच्या पत्त्यात जसा गाव, तालुका, जिल्हा असतो तशी. प्रत्येकाने आपापल्या भागाचे रजिस्टर सांभाळायचे आणि सर्वांच्या वर एक छोटी यादी ठेवायची. डॉट कॉम कोणाकडे, डॉट इन कोणाकडे, एवढेच त्या वरच्या यादीत. तिला मूळ यादी म्हणू. यादी छोटी, पण ती ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळे.

पोस्टेलचे शहाणपण मला सर्वांत जास्त जाणवते ते देशांच्या नावांत. देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी संकेतांची यादी तयार होती, ती त्याने उचलली. त्यात ब्रिटनचा संकेत जीबी, पण यूके आधीच रुळले होते, ते राहिले. इतिहास शिकवणाऱ्याला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला तरी त्याचे डॉट एसयू पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले, आणि युगोस्लाव्हियाचे डॉट वाययू मात्र २०१० मध्ये पुसले गेले. आपले डॉट इन १९८९ चे. त्याची नोंदवही बरीच वर्षे मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत होती. २००५ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली.

मग आला पैसा. डॉट कॉमची नोंदणी अमेरिकी सरकारच्या कंत्राटाने नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होती. १९९५ पर्यंत नाव फुकट मिळे; त्या वर्षी दोन वर्षांचे १०० डॉलर लागू झाले. एकाच दुकानात मिळणारी वस्तू, आणि गिऱ्हाईक अख्खे जग! पोस्टेल आणि त्याच्या सोबत्यांनी नवी नावे आणि नवे नोंदणीदार आणायची योजना आखली. सरकारला ती पसंत पडेना.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेलने मूळ यादीचे सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ईमेल केले: यादी कंपनीच्या यंत्रावरून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आठही जणांनी ऐकले. कायद्याचा आधार नाही, हुद्दा नाही, केवळ या माणसाच्या शब्दावर. अमेरिकी सरकारी खात्यांचे सर्व्हर जुन्याच जागी राहिले. इंटरनेट वापरणाऱ्यांना काहीच जाणवले नाही, कारण दोन्ही याद्या सारख्याच होत्या. पण व्हाइट हाऊसचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांना चांगलेच जाणवले. ही चाचणी होती, असे पोस्टेलने सांगितले आणि सगळे पूर्ववत केले.

मला विचाराल तर ती नुसती चाचणी नव्हती. रजिस्टर खरे कोणाचे, हे त्याने एकदा दाखवून दिले. पण सरकारचे म्हणणेही अगदीच चूक नव्हते. एका सज्जनाच्या भरवशावर जगाचा व्यवहार किती दिवस चालवायचा? सज्जन गेला की काय?

सज्जन त्याच वर्षी गेला. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि १६ ऑक्टोबरला हृदयावरच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल वारला. वय अवघे ५५.

पुढे आयकॅनवरही अमेरिकी सरकारचा हात होताच. मूळ यादीतला बदल त्यांच्या वाणिज्य खात्याच्या नजरेखालून जाई. इतर देशांना हे खुपत होते, आणि का खुपू नये? शेवटी १ ऑक्टोबर २०१६ ला ते कंत्राट संपले. आदल्या दिवशी चार अमेरिकी राज्ये ते थांबवण्यासाठी टेक्सासच्या न्यायालयात उभी होती. न्यायाधीशांनी नकार दिला.

क्रमांकांची कथा वेगळीच. जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी क्रमांक होते. सुरुवातीला ते खिरापतीसारखे वाटले गेले. एमआयटी या एका विद्यापीठाला सुमारे १ कोटी ६८ लाख! ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे जगाच्या पाच विभागांना देऊन कपाट रिकामे झाले. नवी पद्धत १९९० च्या दशकातच तयार झाली आहे आणि तिच्यात क्रमांकांना तोटा नाही, पण जुनी अजून सुटलेली नाही.

आणि आपली लिपी? ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले डॉट भारत सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा कित्येक भाषांना ते चालते. मात्र तेवढ्याने भागत नाही. वरच्या यादीत नाव चढले तरी खालच्या प्रत्येक अर्जाला, प्रत्येक ईमेल सेवेला ते ओळखता यायला हवे. अजूनही कित्येक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी पत्ता घातला की तांबड्या अक्षरांत सांगतात: पत्ता चुकीचा आहे.