नाकावरचा नाल

दिवेलागणीला देवळाच्या सभामंडपातून पाकोळ्या बाहेर पडू लागल्या, की आमच्या गावच्या बायका लगबगीने पदर डोक्यावर ओढून घेतात. पाकोळी केसांत शिरली तर सुटत नाही, असा पूर्वापार समज! वाचकहो, मास्तरकी पत्करल्यावरही हा समज मी सोडला नव्हता, याची कबुली आरंभीच देऊन टाकतो.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन वैशाखात गावातली पोरे घेऊन जवळच्या किल्ल्यावर गेलो होतो. एका भुयाराच्या तोंडाशी मुले थबकली. आत छताला शेकडो वटवाघळे लोंबत होती. "गुरुजी, धूर करू?" एकाने विचारले. "करा," मी म्हणालो. वाळल्या गवताचा चूड पेटला आणि भर दुपारी तो सारा संसार उघड्यावर आला. एक मादी माझ्या पायाशी पडली. तिच्या पोटाशी उघडेबोडके पिल्लू बिलगलेले. थोड्या वेळाने दोघेही निपचित झाली. वाकून पाहिले, तो तिच्या नाकाभोवती कातडीची घडी, अगदी घोड्याच्या पायातल्या नालासारखी. "हे नाक असं कशाला, गुरुजी?" पोराच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जी कहाणी हाती लागली, ती येथे सांगतो.

या नालावरूनच पंडितांनी हा प्राणी ओळखला. १७७४ साली श्रेबर या जर्मन पंडिताने युरोपातल्या एका जातीला लॅटिनमध्ये 'घोड्याचे लोखंड' अशा अर्थाचे नाव दिले. १७९९ साली फ्रान्सच्या लासेपेदने या मंडळींची वेगळी प्रजाती मांडली आणि तिला 'ऱ्हायनोलोफस', म्हणजे नाकावर तुरा असलेला, असे म्हटले. कारण नालाच्या वर भाल्याच्या पात्यासारखा एक टोकदार तुरा असतो. यांची चुलत भावंडे 'हिप्पोसिडेरॉस'. त्यांच्याही ग्रीक नावाचा अर्थ घोड्याचे लोखंडच! मात्र त्यांना तो टोकदार तुरा नाही. शिवाय नालवाल्यांच्या पायाच्या बोटांत, अंगठा सोडला तर, तीन-तीन हाडे असतात; चुलत भावंडांच्या बोटांत दोन-दोनच. आज नालवाल्यांच्या शंभरांहून अधिक जाती ठाऊक आहेत. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया एवढी त्यांची वस्ती. अमेरिकेत एकही नाही.

आपल्या सह्याद्रीत नांदणाऱ्या तांबूस जातीच्या नावाशी मुंबईचा संबंध आहे. पोलिडोर रू हा मार्सेल्सच्या संग्रहालयाचा प्रमुख, चित्रकार आणि प्राणिशास्त्राचा वेडा. इजिप्तमार्गे तो हिंदुस्थानात आला आणि १८३३ साली मुंबईतच वारला. दोन वर्षांनी हॉलंडच्या तेमिंकने या तांबूस पाकोळीला रूचे नाव दिले. पुढे ब्रोसे नावाचा दुसरा फ्रेंच गृहस्थ पश्चिम हिंदुस्थानातली लेणी नि गुहा धुंडाळत हिंडला. त्याचे वटवाघळांवरील लेख १९६२ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

नाव तर मिळाले, पण नाक कशासाठी? १७९३ साली इटलीतल्या स्पालान्झानीने पाहिले, की मिट्ट काळोखात घुबड गोंधळते, वटवाघूळ नाही. त्याने वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरी ती आडव्या दोऱ्यांना न अडखळता उडाली. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या जुरीनने त्यांचे कान बुजवले. तेव्हा मात्र ती आदळू लागली. म्हणजे ती कानांनी पाहतात! या म्हणण्याला विद्वान हसले. मूक प्राणी ऐकेल काय? शेवटी १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिनने एका यंत्रापुढे वटवाघळे धरली आणि उलगडा झाला. ती मूक नव्हतीच. आपलेच कान तोकडे! सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. ती ओरडतात त्याहून कितीतरी वर, आणि प्रतिध्वनीवरून वाट काढतात.

बहुतेक कीटकभक्षी वटवाघळे तोंडाने हाक घालतात. आमची नालवाली ती नाकाने घालते, हे म्योरेस या जर्मन शास्त्रज्ञाने १९५३ च्या सुमारास दाखवले. तो नाल म्हणजे आवाज एका दिशेला फेकणारा कर्णाच होय. वीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाचे उत्तर हे!

या कर्ण्याच्या जोरावर ती दाट झाडीत शिकार करते. नॉयवायलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेत हीच तांबूस जात न्याहाळली. सायंकाळी प्रथम ती उडता-उडता किडे टिपते. मग तारेवरच्या कोतवालासारखी एका बारीक फांदीला लटकून राहते, किडा जवळ आला की झेपावते आणि परत जागेवर येते. किड्याचे पंख फडफडले की प्रतिध्वनी थरथरतो. पानांच्या गर्दीतूनही तिला भक्ष्य ओळखू येते ते असे.

आणखी एक नवल. दक्षिण हिंदुस्थानातल्या या तांबूस पाकोळ्यांत दोन आवाज आढळले, एक ऐंशी हजार कंपनांच्या आसपासचा, दुसरा नव्वद हजारांच्या. चेहरेपट्टी जवळजवळ एकच. २०१२ साली आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा त्या दोन निरनिराळ्या जाती ठरल्या. रूच्या नावाखाली पावणेदोनशे वर्षे दोन कुळे नांदत होती. आपण चेहरा पाहत बसलो होतो. ओळख आवाजात होती.

त्यांचे वैगुण्यही झाकू नये. २००५ साली चीनमधल्या नालवाल्या वटवाघळांत सार्सच्या विषाणूचे भाईबंद सापडले. पुढे कोरोनाच्या काळात वटवाघळांविषयीचा धाक फारच वाढला. पण यावरून घ्यायचा धडा धूर करण्याचा नव्हे, अंतर राखण्याचा. त्यांच्या घरात शिरू नये, त्यांना हात लावू नये. नालवाल्या मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होते. आईच्या ओटीपोटाशी दूध नसलेले दोन स्तन असतात. पिल्लू ते तोंडात धरून तिला बिलगते. आम्ही चूड पेटवला, तो नेमका त्याच दिवसांत.

आता दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी मी मुलांना त्या भुयारापासून दूर, समोरच्या कातळावर नेऊन बसवतो. फटाके घरी ठेवायचे, बोलायचे नाही, ही अट. अंधार पडता पडता पाकोळ्या एकेक करून निघतात.

"गुरुजी, काही ऐकू येत नाही," एखादा कुजबुजतो.

"आपल्याला येत नाही, बाळ," मी सांगतो. "त्यांचं बोलणं चाललंय."