पोलाद न वितळवता जोडताना

मागच्या व्याख्यानात आपण रिव्हेटकडून वेल्डिंगकडे कसे आलो ते पाहिलं. आज एक साधा प्रश्न घेऊ. दोन धातू जोडायचे तर ते वितळवायलाच हवेत का? आपल्या गावच्या लोहाराला विचारलं असतं तर तो 'नाही' म्हणाला असता. बैलगाडीच्या चाकाची धाव करताना तो पट्टीची दोन्ही टोकं भट्टीत पांढरीफटक तापवायचा आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करायचा. लोखंड मऊ व्हायचं, त्याचं पाणी होत नसे.

हीच वाट १९९१ साली इंग्लंडमध्ये पुन्हा सापडली. केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट'मध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरती पिन दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबली आणि पुढे सरकवली. घर्षणाने धातू तापतो, कणकेसारखा मळला जातो आणि पिनेच्या मागे एकसंध होतो. ठिणगी नाही, धूर नाही. अॅल्युमिनियमसाठी ही पद्धत इतकी झटपट रुजली की पुढे अमेरिकेच्या स्पेस शटलची बाहेरची इंधनटाकीसुद्धा अशी जोडली गेली.

आणि पोलाद? इथेच घोडं पेंड खातं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे त्याला मळायला साध्या हत्यारी पोलादाची पिन पुरते. पोलाद मळायचं तर हजार अंशांच्या वर जावं लागतं, आणि तिथे ती पिन स्वतःच मऊ पडते. मग हिरा वापरा की! तेही जमत नाही, कारण हिरा म्हणजे कार्बन आणि तापलेलं लोखंड कार्बन खाऊन टाकतं. म्हणून संशोधक क्यूबिक बोरॉन नायट्राइडकडे वळले. काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल असलेला हा पदार्थ रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रथम बनवला होता. तो झिजत नाही, पण ठिसूळ. पत्र्यात शिरतानाच तडकू शकतो. टंगस्टन-ऱ्हेनियम तडकत नाही, पण झिजतं, आणि ऱ्हेनियम फार दुर्मीळ. मग दोन्हींचं मिश्रण करून पाहिलं गेलं.

एवढा खटाटोप कशासाठी? उच्च-ताकदीच्या पोलादाचं एक दुखणं आहे. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये इलेक्ट्रोडमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. सांध्याशेजारचा भाग झपाट्याने थंड होऊन कडक झालेला असतो. आज धडधाकट दिसणाऱ्या जोडाला उद्या किंवा परवा चीर पडते. म्हणून तर इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये सुकवतात, प्लेट आधी तापवून घेतात आणि तपासणीसाठी बऱ्याचदा ४८ तास थांबतात. पिनेच्या पद्धतीत इलेक्ट्रोडच नाही, त्यामुळे ओलाव्याची ती वाटच बंद. कडकपणा मात्र इथेही येऊ शकतो, तो प्रश्न सुटला असं समजू नका.

जहाजांच्या डीएच-३६ पोलादावर ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात बरंच काम झालं, आणि जोड चांगले आले. तरी बहुतेक गोद्यांमध्ये आजही आर्कच पेटते. तिचं यंत्र स्वस्त आहे, ते उचलून कुठेही नेता येतं, आणि मोडलेल्या पिनेची किंमत मोजावी लागत नाही.

चला, आता प्रश्न घेऊ.