तुळशीपाशी सुचलेली ओवी

आज आपण बागेचा इतिहास बघणार आहोत. राजेरजवाड्यांची बाग नव्हे, आपल्या न्हाणीमागची हातभर जागा.

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी आपल्याला ठाऊक आहेत. १२९५ साली त्यांनी समाधी घेतली. त्यांना भाजीच्या मळ्यातच विठ्ठल दिसला. विहीर, मोट, भाजीपाला सगळं त्यांच्या अभंगात आलं. आणि अभंगाच्या शेवटी त्यांचं नावही आलं.

आपल्या आज्या-पणज्यांच्या नावावर मळा कुठला असायला? त्यांची बाग म्हणजे सांडपाण्यावर वाढलेलं अळू, केळीचा खुंट, कर्दळ आणि अंगणातली तुळस. माहेर लांब, सासरी मनातलं बोलायची चोरी. मग सून तुळशीला पाणी घालता घालता तिच्याशीच बोलायची. तेच बोलणं पहाटे जात्यावर बसलं की ओवी होऊन ओठांवर यायचं. ओव्यांमध्ये तुळस कधी सखी होते, कधी विठ्ठलाची लाडकी होते आणि रुक्मिणी तिच्यावर रुसते. घरातला रुसवाफुगवा असा देवाच्या नावानं सांगता यायचा. तुळशीनं सासुरवास संपवला नाही, पण बोलायला जागा दिली.

एक गोष्ट मात्र सलते. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं. गाणारीचं स्वतःचं नाव क्वचितच येतं. सावतोबांचे अभंग त्यांच्या नावानं राहिले. आपल्या ओव्या मात्र ‘बायकांची गाणी’ म्हणून राहिल्या.

साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक केलं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांनी गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. कागदावर असं नाव येणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. कुणाला पुन्हा जातं ओढायला सांगायचं नाही. पण पहाटेचं जातं थांबलं आणि ओवीही थांबली. परसबाग मात्र अजून आपल्या हातात आहे. गटातल्या किती जणींनी मेथी, दोडका, शेवगा लावलाय! तिथं खुरपताना आईची, आजीची एखादी ओवी आठवली तर वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, नातीला सांगा. नवी सुचली तर तीही सांगा.

आणि खाली नाव घालायला विसरू नका. ओवी आजीची असेल तर आजीचं, आपली असेल तर आपलं.