पोचलं नाही? पुन्हा पाठवा

२९ ऑक्टोबर १९६९, लॉस एंजेलिस

रात्रीचे साडेदहा वाजायला आलेत. तुम्ही कॅलिफोर्निया विद्यापीठात, बोल्टर हॉलच्या ३४२० क्रमांकाच्या खोलीत उभे आहात. खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या, इथे त्याला रेंज मिळणार नाही. समोर फ्रीजएवढं, करड्या पोलादी कपाटातलं एक यंत्र घरघरतंय. सगळे त्याला ‘इम्प’ म्हणतात. वजन चारशे किलोच्या वर आणि मेमरी जेमतेम २४ किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावायचा नाही.

इम्पच्या एका बाजूला विद्यापीठाचा सिग्मा ७ हा संगणक जोडलाय. दुसऱ्या बाजूने भाड्याने घेतलेली टेलिफोन लाइन निघते आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तशाच दुसऱ्या इम्पपाशी पोचते. वेग सेकंदाला ५० हजार बिट.

टेलिफोनवर दोघं बोलत असताना त्यांच्यामधली वाट बोलणं संपेपर्यंत अडून राहते. इथे तसं नाही. संदेशाचे साधारण हजार हजार बिटांचे तुकडे पाडतात. ही पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर कुठे जायचं ते लिहिलेलं असतं आणि पडताळणीसाठी एक आकडाही असतो. पलीकडचा इम्प तो आकडा स्वतः काढून बघतो. जुळला तर ‘मिळालं’ असा निरोप धाडतो. तो निरोप येईपर्यंत अलीकडचा इम्प आपल्याकडची प्रत टाकून देत नाही. निरोप आलाच नाही, तर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. हा नियम लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक मुक्कामी तो भेटणार आहे.

टर्मिनलसमोर चार्ली क्लाइन बसलाय, लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या गटातला विद्यार्थी. कानाला फोन, पलीकडे मेन्लो पार्कमध्ये बिल डुव्हल. क्लाइनला तिकडच्या संगणकात ‘लॉगिन’ करायचंय. तो ‘एल’ दाबतो आणि आला का विचारतो. आला. मग ‘ओ’. तोही आला. मग ‘जी’, आणि तिकडचा संगणक बंद पडतो. तीन अक्षरांवरून हुकूम ओळखून त्या संगणकाने उरलेली अक्षरं एकदम परत धाडायला घेतली, पण त्याच्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकाच अक्षरापुरती जागा राखलेली होती. डुव्हल ती जागा वाढवतो आणि तासाभराने लॉगिन पार पडतं.

सगळे हसतील, पण तुम्ही नीट बघा: नेटवर्क बंद पडलंच नाही. अक्षरं जशी निघाली तशी पोचली. कोलमडला तो टोकाचा संगणक.

२२ मे १९७३, पालो आल्टो

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी आज एक टिपण टाइप केलंय, आकृत्या हाताने काढल्यात. त्यात ‘इथरनेट’ हा शब्द आहे. प्रश्न असा की, इथे ऑल्टो नावाचे संगणक तयार होताहेत, एकेका माणसासाठी एकेक, आणि लेझर प्रिंटरवरही काम चालू आहे. प्रिंटर प्रत्येकाच्या टेबलावर ठेवणं परवडणार नाही. तेव्हा एकच प्रिंटर सगळ्यांनी वापरायचा, आणि त्यासाठी इमारतीतले सगळे ऑल्टो एकमेकांना जोडायचे.

थोडं पुढे सरका, नोव्हेंबरमध्ये या. एक जाड कोअॅक्सियल केबल इमारतीतून फिरवलीय आणि यंत्रं तिलाच जोडलीत. मधे नियंत्रण करणारं कुणी नाही. एका यंत्राने टाकलेलं पॅकेट सगळ्यांनाच ऐकू जातं. ज्याच्या नावाचं असेल तो उचलतो, बाकीचे सोडून देतात. वेग सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट. मघाच्या टेलिफोन लाइनच्या जवळजवळ साठपट.

मग दोघांनी एकदम पाठवलं तर? पंगतीत दोघं एकदम बोलायला लागले की दोघंही थांबतात आणि मग कुणीतरी एक आधी सुरू करतो, तसंच. पाठवण्याआधी यंत्र केबलवर कान देतं. शांत असेल तरच बोलतं, आणि बोलतानाही ऐकत राहतं. टक्कर झालीच तर दोघंही थांबतात, पण सारखाच वेळ नाही. किती थांबायचं ते प्रत्येक यंत्र आपापलं रँडम ठरवतं, आणि टक्करी वाढत गेल्या की थांबण्याची मुदतही वाढवत नेतं. थांबून पुन्हा पाठवण्याची ही कल्पना मेटकाफ यांनी हवाई विद्यापीठाच्या अलोहानेटवरून घेतली. नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने तिथली बेटं रेडिओने जोडली होती. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तिला केबलवर आणलं आणि धार लावली.

१ जानेवारी १९८३

इथे फक्त पाय टेका. आज अर्पानेटवरचे, म्हणजे पहिल्या मुक्कामी पाहिलेल्या नेटवर्कवरचे संगणक जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपीवर जाताहेत. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विचाराची ही परिणती. कामाची वाटणी सोपी आहे. आयपी पॅकेटवर ३२ बिटांचा पत्ता लिहितं आणि ते पुढे ढकलतं. पोचेलच अशी हमी देत नाही. टीसीपी दोन्ही टोकांना बसून बाइट मोजतं, पोच मागतं आणि हरवलेलं पुन्हा पाठवतं. शहाणपण टोकांना, वाट साधी. म्हणूनच खाली टेलिफोन लाइन असो, इथरनेट असो की उपग्रह, वरच्या मजल्याला फरक पडत नाही.

१९८५, माउंटन व्ह्यू

सन मायक्रोसिस्टिम्सच्या एका वर्कस्टेशनसमोर बसा. पडदा आहे, कीबोर्ड आहे, पण आत डिस्कच नाही. डिस्क महाग, म्हणून ती दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये. तरी फाइल उघडा, अगदी आपल्याच यंत्रातली असल्यासारखी उघडते. ही एनएफएसची, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिमची करामत.

केबलवरून काय जातंय ते बघा. वर्कस्टेशन नुसतं ‘पुढचं दे’ म्हणत नाही. ते म्हणतं: अमुक फाइल, १६,३८४व्या बाइटपासून ८,१९२ बाइट दे. विनंती स्वतःपुरती पूर्ण आहे. सर्व्हर देतो आणि विसरून जातो. कुणी कुठवर वाचलं, याची नोंद त्याच्याकडे नसते.

आता सर्व्हरची वीज घालवा. पडद्यावर ओळ येते: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत. वर्कस्टेशन तीच विनंती पुन्हा पुन्हा करत राहतं. वीज आणा. सर्व्हर उठतो आणि उत्तर देतो, जणू मधे काही झालंच नाही. त्याला काही आठवायचंच नव्हतं, म्हणून काही बिघडलंही नाही. ‘पुढचं दे’ दोनदा मागितलं असतं तर घोळ झाला असता. तीच जागा दोनदा वाचली तर होत नाही. याची किंमतही मोजावी लागते: लिहायची माहिती खरोखर डिस्कवर गेल्याशिवाय सर्व्हर ‘झालं’ म्हणू शकत नाही, त्यामुळे लिहिणं रेंगाळतं. आज ऑफिसात किंवा घरी नेटवर्कला जोडलेल्या डिस्कची जी ‘नॅस’ नावाची पेटी असते, ती याच घराण्यातली.

१९८८, बर्कली

शेवटचा मुक्काम. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचा निबंध टेबलावर आहे: एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त, छोट्या डिस्क वापरा. पण त्यांनी हिशेबही लपवलेला नाही. एक डिस्क सरासरी ३० हजार तास चालते असं धरलं, तर शंभर डिस्कपैकी एखादी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, दगा देणार. पॅकेट हरवलं तर पुन्हा मागता येतं. हरवलेली डिस्क कुणाकडे मागायची?

तोडगा कागदावर करून बघा. तीन डिस्कवर एकेक बिट: १, ०, १. चौथ्या डिस्कवर असं बिट ठेवा की एकूण १ची संख्या सम होईल. इथे आधीच दोन आहेत, म्हणून ०. आता तिसरी डिस्क जाळा. उरलं १, ० आणि ०. संख्या सम व्हायला हवी, म्हणजे हरवलेलं बिट १ होतं. मिळालं परत. अब्जावधी बिटांवर हीच कृती केली की झालं ‘रेड’. इथे ‘पुन्हा पाठव’ची जागा ‘पुन्हा काढ’ने घेतली, इतकंच.

आता परत या आणि आपल्या नॅसकडे बघा. त्यात रेड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते डिस्क मेल्यावर वाचवतं, तुमच्या हातून चुकीची फाइल पुसली गेली तर ती सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे पुसतं. चोरी, आग, रॅन्समवेअर यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. महत्त्वाच्या माहितीची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि या रविवारी त्या प्रतीतून एक फाइल परत आणून बघा. परत आणून पाहिलेला नाही, तो बॅकअप धरूच नका.