विजेची सत्ता आणि माणसाचें स्वातंत्र्य

नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय सीमेवर बिलोली हें तालुक्याचें गांव आहे. तेलंगणाची हद्द येथून जवळ असल्यामुळें बाजारांत मराठीबरोबर तेलुगु आणि उर्दूही कानांवर पडते. मांजरा नदी याच तालुक्याच्या कडेनें वाहत येऊन कुंडलवाडीच्या बाजूस गोदावरीला मिळते. रब्बीच्या दिवसांत या भागांतील शेतकरी पुष्कळदां मध्यरात्रीं उठतो, हातांत बॅटरी आणि काठी घेतो आणि अंधारांतून विहिरीवर जातो. पंपाची मोटर चालू करून तो पहांटेपर्यंत हरभऱ्याला नाहीं तर गव्हाला पाणी देत राहतो. थंडी असते, पायाखालीं विंचूकाट्याचें भय असतें. ही वेळ त्यानें निवडलेली नसते. शेतीच्या विजेच्या पाळ्या लावलेल्या असतात. कांहीं दिवस वीज दिवसा येते, कांहीं दिवस रात्रीं येते, आणि ज्या आठवड्यांत रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यांत शेतकऱ्याची झोप त्या पाळीच्या स्वाधीन होते.

ही गोष्ट आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं विचार करण्याजोगें आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु माणसानें केव्हां निजावें आणि केव्हां उठावें हें दुसरा कोणी ठरवीत असेल, तर त्या दुसऱ्याच्या हातीं एक प्रकारची सत्ता आली आहे, असें म्हणणें प्राप्त आहे. ही सत्ता कोठून आली, तिला कोणीं अटकाव केला, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत ती न्याय्य मानावी, हा येथें विचाराचा विषय आहे.

वीज पुरविणारी संस्था ही बाजारांतील दुकानदारासारखी नसते. एका वाण्यानें माल दिला नाहीं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. विजेच्या बाबतींत घरापर्यंत एकच तार येते आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाशीं एकच पुरवठादार असतो. ज्या धंद्यावर सर्व लोकांचें जीवन अवलंबून आहे तो धंदा केवळ मालकाच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं, हें तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७७ सालीं शिकागोच्या धान्यकोठारांविषयींच्या एका प्रसिद्ध खटल्यांत मान्य केलें. विजेच्या कंपन्या पुढें निघाल्या तेव्हां त्यांना हेंच तत्त्व लागू पडलें. तथापि या कंपन्यांवर बंधनें आलीं तसे त्यांना अधिकारही मिळाले. त्यांतील तीन मोठे आहेत. पहिला, दुसऱ्याच्या जमिनीवर धरण, खांब आणि तारा नेण्याचा. दुसरा, ग्राहकाच्या घरांत शिरून तपासणी करण्याचा. आणि तिसरा, पुरवठा तोडण्याचा. हे तिन्ही अधिकार मुळांत राज्यसत्तेचे आहेत. कंपनीला ते उसने दिलेले असतात.

त्यांतील पहिल्या अधिकाराची कहाणी पाहावयाची तर बिलोलीहून दूर पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्यांत जावें लागतें. विजेची सत्ता आणि शेतकऱ्याचें स्वातंत्र्य यांचा महाराष्ट्रांतील पहिला मोठा सामना तेथेंच झाला.

सह्याद्रीवर पडणारें पावसाचें पाणी धरणानें अडवावें, तें नळांतून पश्चिमेकडील कड्याखालीं सोडावें आणि त्याच्या वेगावर वीज निर्माण करून ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या काळापासूनची. १९१५ सालीं खोपोली येथील केंद्र चालू झालें. दगडी कोळशाचा खर्च आणि धूर यांनीं गांजलेल्या मुंबईला हा मोठाच दिलासा होता. शिवाय हें काम हिंदी भांडवलावर आणि हिंदी माणसांच्या पुढाकारानें झालें होतें. स्वदेशीच्या अभिमान्यांना त्याचें कौतुक वाटणें साहजिक होतें. या यशानंतर १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी निघाली आणि मुळा व नीला या नद्यांच्या संगमाशीं धरण बांधण्याचें ठरलें.

या धरणाच्या पाण्याखालीं पन्नासांहून अधिक गांवें जाणार होतीं. लोकसंख्या जवळजवळ ११,००० होती. आंबेमोहोर तांदळाचीं तीं खाचरें होतीं आणि पिढ्यान्‌पिढ्या तीं कसणारे मावळे होते. जमीन रीतसर ताब्यांत येण्यापूर्वींच कंपनीच्या माणसांनीं शेतांत चाचणीचे चर खणले. प्रकल्प काय आहे, किती पाणी चढणार आहे, आपण जावयाचें कोठें, हें गांवकऱ्यांना कोणी विचारलें नाहीं आणि सांगितलेंही नाहीं. तेथील असंतोषाचें मूळ मोबदल्याच्या रकमेंत जेवढें होतें, त्याहून अधिक या न विचारण्यांत होतें.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, शेंकडों मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलें. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या चळवळीचे पुढारी झाले; ‘सेनापति’ ही त्यांची पदवी मुळशीच्याच मैदानावरची आहे. विनायकराव भुस्कुटे यांनीं गांवोगांव हिंडून संघटना बांधली. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे या सत्याग्रहापायीं तुरुंगांत गेले. शंकरराव देव यांना येरवड्याच्या तुरुंगांत फटक्यांची शिक्षा सोसावी लागली. गांधीजींनीं त्याच वर्षीं आपल्या पत्रांतून मुळशीकरांची बाजू मांडली आणि टाटांना फेरविचार करण्याची विनंती केली.

कंपनीची बाजू अगदींच पोकळ नव्हती. मुंबईंत लाखों मजूर गिरण्यांवर पोट भरीत होते, आणि वीज स्वस्त झाल्यानें धंदा वाढणार होता. थोड्या गांवांचें नुकसान आणि अनेकांचें हित असा हा हिशेब होता, आणि पुण्यामुंबईंतील कित्येक शहाण्या माणसांना तो पटला होता. परंतु या हिशेबांत एक चूक होती. ज्याचें हित होणार तो मुंबईंत होता, ज्याची जमीन जाणार तो मावळांत होता, आणि हिशेब मांडणारांत मावळांतला कोणीच नव्हता. सरकारनें १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस दिला. जमिनीचे मालक आणि सावकार यांच्यापैकीं अनेकांनीं चांगला मोबदला घेऊन तडजोड पतकरली; प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या कुळाच्या हातीं त्यांतलें फारसें येणार नव्हतें. येथें चळवळीला मोठी भेग पडली. कागदावर जमीन एकाची आणि जिवावर दुसऱ्याची, अशी स्थिति असली म्हणजे मोबदला एकाला मिळतो आणि देशोधडीला दुसरा लागतो.

स्वतः बापटांच्या चरित्रांतही या लढ्यानें एक कठीण प्रश्न उभा केला. कारावास भोगून आल्यावर, सत्याग्रह निष्फळ होत आहे असें पाहून, १९२४ च्या डिसेंबरांत त्यांनीं मोजक्या सहकाऱ्यांसह रुळांवर दगड रचून कामावर जाणारी गाडी अडविली आणि शस्त्राचा उपयोग केला. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या हेतूविषयीं शंका नाहीं. परंतु त्या गाडींत कंपनीचे संचालक नव्हते, पोटासाठीं राबणारे लोक होते. अन्यायाचा प्रतिकार करणाऱ्याच्या स्वातंत्र्यालाही दुसऱ्याच्या जिवाची मर्यादा असते, हा धडाही मुळशीच्या इतिहासांत आहे. चळवळ संपली, गांवें बुडालीं, आणि १९२७ सालीं कड्याखालच्या भिरा येथील केंद्रांतून वीज मुंबईकडे वाहूं लागली. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचें पाणी पश्चिमेकडे कोंकणांत उतरलें.

त्याच सुमारास बिलोलीच्या मांजरा नदीवरही एक मोठें धरण उभें राहत होतें. बिलोली तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. नदीच्या वरच्या अंगास १९२३ ते १९३१ या काळांत निजामसागर बांधला गेला. तो मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठीं होता. तेव्हांपासून मांजरा बिलोलीकडे वळते ती निजामसागरांतून जें पाणी सुटेल तें घेऊन. या धरणाखालींही गांवें गेलीं. पण त्या संस्थानांत १९२९ सालीं ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नांवाचें फर्मान निघालें होतें, आणि त्यान्वयें परवानगीवांचून जाहीर सभाही भरवितां येत नव्हती. मुळशीच्या मावळ्यांची जमीन गेली, तरी त्यांचें ‘नाहीं’ हें उत्तर इतिहासांत नोंदलें गेलें. जेथें सभाच भरवितां येत नाहीं, तेथें असें उत्तर नोंदण्यासही जागा राहत नाहीं. यावरून एवढें कळतें कीं, धरण आणि वीज यांच्यापुढें व्यक्तीचें स्वातंत्र्य टिकावयाचें तर त्याच्याआधीं बोलण्याचें आणि जमण्याचें स्वातंत्र्य हवें.

कायद्याच्या इतिहासांतही हीच वाट दिसते. १८९४ च्या मूळ कायद्यांत जमीनधारकाला किंमतीविषयीं भांडतां येत असे. संपादन मुळांत योग्य आहे कीं नाहीं, यावर हरकत घेण्याचा हक्क त्याला नव्हता. मुळशीचा लढा चालू असतांनाच, १९२३ च्या दुरुस्तीनें, तीस दिवसांच्या आंत हरकत घेण्याचा आणि आपलें म्हणणें ऐकविण्याचा हक्क कायद्यांत आला. पुढें २०१३ च्या नव्या कायद्यानें, खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची असल्यास ज्यांची जमीन जाणार त्या कुटुंबांपैकीं किमान ८० टक्क्यांची संमति आवश्यक केली. या तरतुदीला अपवाद पुष्कळ आहेत, आणि विजेचा कायदा त्या अपवादांच्या यादींतच घातला गेला. तरीही किंमत, नंतर सुनावणी, नंतर संमति, ही चढण ध्यानांत घेण्याजोगी आहे. जें मुळशींत मागितलें गेलें तें कायद्याच्या पुस्तकांत यावयास ब्याण्णव वर्षें लागलीं.

उरलेले दोन अधिकार, घरांत शिरण्याचा आणि तार तोडण्याचा, यांचा इतिहास कमी गाजलेला असला तरी सामान्य कुटुंबाला तोच अधिक जवळचा आहे. १९१० च्या विजेच्या कायद्यांत पैसे न भरणाऱ्याचा पुरवठा तोडण्यापूर्वीं सात दिवसांची लेखी नोटीस देण्याची अट होती. २००३ च्या कायद्याच्या कलम ५६ नें ती मुदत पंधरा दिवसांची केली. शिवाय बिल वादग्रस्त असेल तर हरकत नोंदवून पैसे भरावेत आणि पुरवठा चालू ठेवावा, अशीही सोय दिली. तपासणीसाठीं घरांत येणाऱ्यानें वाजवी वेळीं यावें आणि राहणाऱ्याला सांगून यावें, हेंही कायद्यांत आहे. या अटी लहान दिसतात. पण सत्ता आणि मनमानी यांच्यामधील भिंत अशाच लहान विटांची असते.

मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवटींतून मुक्त झाला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, आणि १९६० नंतर महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या तारा येथें गांवोगांव पसरत गेल्या. वीज आतां दूरच्या कंपनीची राहिली नव्हती, लोकांच्याच सरकारची झाली होती. २००५ सालीं मंडळाचे विभाग होऊन वितरणाचें काम महावितरण या सरकारी कंपनीकडे आलें. मालक बदलला, तारेचें एकटेपण बदललें नाहीं. अनेक कृषिपंपांना मीटरच नाहीं. आकारणी अश्वशक्तीवर होते, आणि न वापरलेल्या विजेचें बिल आल्याची तक्रार जुनी आहे. २०२१-२२ च्या वसुलीच्या मोहिमेंत संपूर्ण रोहित्रच, म्हणजे गांवकरी ज्याला ‘डी. पी.’ म्हणतात तें, बंद केल्याच्या तक्रारी ठिकठिकाणीं झाल्या. एका डी. पी. वर अनेकांचे पंप असतात. त्यांतील एकानें पैसे भरले असले आणि दुसऱ्यानें भरले नसले, तरी पीक दोघांचेंही वाळतें. कायदा नोटीस माणसाला देण्यास सांगतो, डी. पी. ला नव्हे. अखेर मार्च २०२२ मध्यें कृषिपंपांची वीज तोडणें तीन महिन्यांकरितां थांबविण्याची घोषणा विधानसभेंत करावी लागली.

याची दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. तारेवर आकडा टाकून वीज घेणारा मनुष्यही स्वातंत्र्याचेंच नांव घेतो. परंतु त्याच्या आकड्यानें शेजाऱ्याच्या मोटरीचा दाब उतरतो, रोहित्र जळतें, आणि त्या चोरीचा भार प्रामाणिकपणें पैसे भरणारांच्या दरावर पडतो. जी गोष्ट सर्वांनीं मिळून वापरावयाची तिच्यांत प्रत्येकाच्या स्वातंत्र्याला शेजाऱ्याच्या हक्काची मर्यादा पडतेच. पुरवठादाराला अधिकार मुळींच नकोत असें म्हणणें म्हणूनच बरोबर होणार नाहीं. अधिकार असावेत, पण ते वापरण्यापूर्वीं सांगावें, कारण द्यावें, ऐकून घ्यावें, आणि एकाच्या दोषासाठीं दुसऱ्याला शिक्षा करूं नये.

जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या मुदतीसाठीं मोफत वीज देण्याची योजना काढली. शेतकऱ्याच्या डोक्यावरील एक ओझें त्यामुळें हलकें झालें, हें निःसंशय. परंतु मुळशीच्या मावळ्याला मोबदला देऊं केल्यानें त्याचा प्रश्न सुटला नव्हता, आणि बिलोलीच्या शेतकऱ्याचें बिल माफ केल्यानेंही त्याचा प्रश्न पुरता सुटत नाहीं. त्याची मागणी दिवसाच्या विजेची आहे. सौर कृषिवाहिन्यांच्या योजनेचें आश्वासनही तेंच आहे, आणि ज्या शिवारांत तें पुरें होईल तेथील शेतकरी सूर्याच्या उजेडांत पाणी देऊन रात्रीं आपल्या घरीं निजूं शकेल. मोफत मिळालेली वस्तु उपकारासारखी असते. देणाऱ्याची मर्जी फिरली कीं ती जाते. वेळ ठरवितांना ज्याची झोप जाणार त्याला विचारणें, हा मात्र उपकार नव्हे. मुळशीच्या संगमावर १९२१ सालीं जे मावळे जाऊन बसले, त्यांचें मागणें मुळांत एवढेंच होतें. आणि मांजरेच्या कांठीं मध्यरात्रीं मोटर चालू करण्यास उठणाऱ्या शेतकऱ्याचें तें अजून पुरें व्हावयाचें आहे.