मेण : वस्तू आणि शब्द

इंदूरच्या पोलोग्राउंड या भागात आज घोडे नाहीत आणि पोलोचा खेळही नाही. तेथे कारखाने आणि कचेऱ्या आहेत. मैदानाची स्मृती तेवढी नावात उरली आहे. वस्तू जाते आणि शब्द मागे राहतो, याचे हे रोजच्या वाटेवरचे उदाहरण. दुसरे आणि पुष्कळच जुने उदाहरण म्हणजे मेण होय. इंदुरात त्याचा विचार सहज सुचतो. कारण येथील बाजारात ज्याला मोम म्हणतात त्याला मराठी घरात मेण म्हणतात. मोम हा शब्द फारसीचा. मेण हा संस्कृत ‘मदन’ शब्दापासून ‘मयण’ या प्राकृत रूपाने मराठीत उतरला. मेणाचे दुसरे संस्कृत नाव ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले.

हे उरलेले द्रव्य गुणांनी मात्र थोर आहे. कामकरी मधमाशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून मेण पापुद्र्यांच्या रूपाने पाझरते आणि ते चावून मऊ करून माशी पोळ्याची षट्कोनी घरे बांधते. मध काढल्यावर पोळे पाण्यात उकळून गाळले, की निवताना मेणाची वडी पाण्यावर तरंगते. ते वितळण्यास 62 ते 64 अंश सेल्सिअस उष्णता लागते. पण हाताच्या उबेनेही ते मऊ होऊन हवा तो आकार घेते. पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही. मऊ होणे, वितळणे आणि पाण्यास दाद न देणे, या तीन गुणांवर त्याचे बहुतेक उपयोग उभे आहेत.

यांपैकी पहिले दोन गुण मूर्तिकाराने फार पूर्वी हेरले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ. स. 1126 ते 1138) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या साह्याने मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे. मराठी पद्याच्या आरंभीच्या नमुन्यांसाठी आपण ज्या ग्रंथाचा उल्लेख करतो, तोच हा ग्रंथ. प्रथम मेणाची मूर्ती घडवावयाची, तिला नळ्या जोडावयाच्या, मातीचे लेप चढवून ते वाळवावयाचे, मग तापवून मेण बाहेर काढावयाचे आणि रिकाम्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मेण आधी तोलून घ्यावे, आणि मूर्ती रुप्याची असेल तर त्याच्या बारापट, सोन्याची असेल तर सोळापट धातू घ्यावा, असे त्यात मान दिले आहे. मूर्ती देव्हाऱ्यात जाते. जिने तिला रूप दिले ती मेणाची आकृती मात्र विस्तवापाशीच नाहीशी होते. इतिहासात मेणाचा मागोवा अवघड का, याचे उत्तर येथेच मिळते.

घरातील मेणाची कथा याहून वेगळी नाही. कोरडे कुंकू कपाळावर टिकावे म्हणून आधी बोटाने मेण लावीत आणि त्यावर कुंकू रेखीत. फणी, आरसा व कुंकवाचा करंडा यांच्या शेजारी मेणाची डबी असे. चांभार आणि शिंपी दोऱ्यावर मेण ओढीत. त्याने दोरा बळकट होई आणि गुंता होत नसे. भेगाळलेल्या टाचांसाठी तेलात मेण कढवून मलम करीत. आयुर्वेदात सिक्थतैल म्हणतात ते हेच. ‘सिक्थ’ हे मेणाचेच आणखी एक नाव. चिकटणारी टिकली आली आणि करंड्याशेजारची डबी दिसेनाशी झाली.

इंदुराहून उज्जैन दूर नाही. तेथील भैरवगडच्या बाटिक कामात मेण अद्याप कामास येते. वितळलेले मेण कापडावर रेखून कापड थंड रंगात बुडवितात. मेणाखालचा भाग कोरा राहतो, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटून जाते. या कलेस 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र आता या कामात पॅराफिन मिसळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बाजारात आलेले हे खनिज द्रव्य स्वस्त असते, पण ठिसूळही असते. त्याला तडे जातात, तड्यांतून रंग आत शिरतो आणि नक्षीत बारीक रेषांचे जाळे उमटते. माशीचे मेण लवचिक असल्याने कापडास धरून राहते. दोहोंचे प्रमाण राखण्यातच कारागिराचे कसब दिसते.

बाजारातील सामान्य मेणबत्ती तर आज बहुधा पॅराफिनचीच असते. मेणकापडातही मेण उरलेले नाही. त्यावर प्लास्टिकाचा थर असतो. नावे मात्र आपण बदलली नाहीत, आणि बदलावीत असे आमचे म्हणणेही नाही. शब्दाने वस्तूची आठवण राखली, हे त्याचे उपकारच आहेत. पण केवळ शब्दावर विसंबून चालणार नाही. मेणाने कुंकू लावलेल्या वृद्ध स्त्रिया आज थोड्याच उरल्या असतील. ती डबी कशाची असे, मेण कोठून येई, त्यात तेल किती घालीत, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार? शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी ही माहिती टिपून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. मूर्ती ओतून झाल्यावर तिच्या साच्यातले मेण सापडत नाही. पण डबीतले मेण आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत.