पूल, धरण आणि नाव

नावेचा विषय निघाला म्हणजे कोंकणपट्टीची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. सातारा व सांगली हे घाटमाथ्यावरील जिल्हे. येथें ना खाडी, ना बंदर. तथापि नावेवांचून ज्यांचें चालत नाहीं अशीं गांवें येथेंही आहेत. नवल असें कीं, या प्रांतांत सुधारणेनें एके ठिकाणीं नाव बंद पाडली, आणि दुसऱ्या ठिकाणीं सुधारणेनेंच ती सुरू केली.

पहिली गोष्ट सांगलीची. शहर आणि सांगलवाडी यांच्यामधून कृष्णा वाहते. पूल नव्हता तेव्हां भरल्या नदींतून पैलतीर गांठणें हें नावाड्याच्या कौशल्यावर आणि कृष्णामाईच्या कृपेवर अवलंबून असे. संस्थानी अमदानींत, १९२९ सालीं, त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें येथील पूल खुला झाला. पुढें नदीच्या पुराची उंची मोजावयाची तीही याच आयर्विन पुलापाशीं, असा परिपाठ पडला. नावाड्याचें महत्त्व गेलें, आणि त्याबद्दल कोणी हळहळलें नाहीं.

दुसरी गोष्ट साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतली. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या खोऱ्यांत पूर्वी पावसाळा सरला म्हणजे माणूस पायीं नदी ओलांडी. या तीरावरची लेक त्या तीरावर दिली तरी ती दूर गेली असें कोणास वाटत नसे. पुढें कोयनेवर धरण झालें. १९६२ सालीं पोफळीच्या भूमिगत वीजगृहांतून वीज वाहूं लागली. आज त्या शिवसागर जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं. कित्येक कुटुंबें दूर मुलखीं वसविण्यांत आलीं. कित्येक मात्र पाणी चढलें तशीं डोंगर चढून वर राहिलीं. त्यांचें खोरें एक होतें, त्याचे आतां दोन किनारे झाले.

तेव्हांपासून बामणोली आणि तापोळा हीं या डोंगरांतलीं बंदरेंच होत. शिधा, टपाल, शिक्षक, वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सर्वांची वाट लाँचवरून. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे चिखल तुडवीत लाँच गांठावी. पावसाळ्यांत वारा उठला म्हणजे तो पडण्याची वाट पहावी. सहलीस आलेल्या प्रवाशास जी जलक्रीडा, तीच तेथील रहिवाशास रोजची रहदारी!

नाव केवळ मागासलेल्या काळाचें चिन्ह आहे असें मानणारांस सांगलीच्या पुरांनीं उत्तर दिलें. २००५ आणि २०१९ सालीं कृष्णा रस्त्यांवर आली व गांवोगांव नावांची हांक पडली. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची दाटीनें भरलेली नाव उलटली, आणि दहांहून अधिक माणसें बुडालीं. त्यांत बायकामुलेंही होतीं. ज्या वस्तूची आठवण केवळ संकटकाळीं होते, ती संकटकाळीं हातीं धड येत नाहीं.

या दोन गोष्टींचें तात्पर्य एकच. पूल बांधला म्हणून नदी आपला स्वभाव विसरत नाहीं. आणि धरण बांधून ज्यांची पायवाट आपण बुडविली, त्यांस नाव देणें हा उपकार नव्हे. तें बुडविलेल्या वाटेचें देणें आहे, आणि खोऱ्यांत पाणी आहे तोंवर तें फिटावयाचें नाहीं.